विमानप्रवासात आजारी पडायचं नसेल, तर लक्ष नेमकं कुठे द्यायचं

विमानातून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत घसा धरला की दोष जातो तो केबिनच्या हवेला. 'तीच तीच हवा सगळ्यांच्या नाकातोंडातून फिरते' हा समज इतका पक्का आहे, की लोक डोक्यावरची हवेची तोटी आधी बंद करतात आणि त्याच हाताने डोळे चोळतात. काळजी घ्यायची तयारी सगळ्यांची असते, ती फक्त चुकीच्या जागी खर्च होते. म्हणून आधी हवेचंच पाहू.

मोठ्या जेट विमानात आत येणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी बाहेरून घेतलेली ताजी असते आणि निम्मी केबिनमधलीच, पण हेपा फिल्टरमधून गाळलेली. हे फिल्टर ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे कण ९९.९७ टक्के अडवतात. विषाणू तर त्याहून लहान, मग ते निसटत असतील, असं वाटू शकतं. पण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा आकार हा फिल्टरला पकडायला सगळ्यात अवघड असतो. त्याहून बारीक कण सरळ न जाता वेडेवाकडे भरकटतात आणि तंतूंना चिकटतात, तर मोठे कण थेट आदळून अडकतात. शिवाय विषाणू सहसा सुटा फिरत नाही, तो थुंकीच्या किंवा श्वासातल्या थेंबासोबत असतो. केबिनची हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. रुग्णालयातल्या हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठीच्या विलगीकरण खोलीत हे प्रमाण तासाला १२ वेळा धरतात. हवा वरून, छताजवळून सोडली जाते आणि त्याच रांगेच्या आसपास खाली, पायांजवळच्या जाळ्यांतून ओढली जाते. त्यामुळे ती विमानाच्या लांबीभर फारशी वाहत नाही.

हे सगळं खरं असतं ते यंत्रणा चालू असताना. १९७७ साली अलास्कात एक विमान बिघाडामुळे काही तास धावपट्टीवर अडकून पडलं. हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि आत एका प्रवाशाला फ्लू होता. पुढच्या तीन दिवसांत विमानातल्या ७२ टक्के लोकांना फ्लूसारखा आजार झाला. त्यामुळे आकाशात ३५,००० फुटांवर असताना हवेची जेवढी चिंता वाटते, त्याहून जास्त ती विमान जमिनीवर उभं असताना वाटायला हवी. बोर्डिंगची रांग, विमानाच्या दारापर्यंतचा बोगदा, बस, सगळे चढेपर्यंतचा अर्धा तास, आणि उतरल्यावर दार उघडण्याची वाट पाहत एकमेकांना खेटून उभं राहणं, या जागा जास्त धोक्याच्या.

फिल्टर कितीही चांगला असला, तरी शेजारच्याचा खोकला फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधी तुमच्यापर्यंत येतो. फ्लू किंवा सर्दीसारख्या थेंबांतून पसरणाऱ्या आजारांत धोका मुख्यतः आजारी माणसाच्या शेजारच्या दोन सीट आणि पुढची-मागची एक रांग एवढ्याच टापूत असतो. क्षयरोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना ८ तास किंवा अधिक काळाच्या प्रवासात पुढच्या-मागच्या दोन रांगांतल्या लोकांचा शोध घ्यायला सांगते. पण हा नियम दगडावरची रेघ समजू नका. २००३ साली हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या तीन तासांच्या एका विमानात सार्स या श्वसनाच्या गंभीर विषाणूजन्य आजाराच्या एका रुग्णामुळे बावीसेक जणांना लागण झाली, त्यातले काही सात रांगा पुढे बसले होते. गोवर तर याहून वाईट: त्याचा विषाणू बंद जागेत दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. गोवरापासून खरं संरक्षण लसीचंच. दोन मात्रा पूर्ण झाल्या असतील तर ती सुमारे ९७ टक्के प्रभावी असते.

जायच्या आधीचे दोन आठवडे

तयारी विमानतळावर सुरू होत नाही. फ्लूची लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेली लस या प्रवासाला उपयोगी पडत नाही. उत्तर आणि दक्षिण गोलार्धात फ्लूचा हंगाम उलटसुलट असतो हेही लक्षात ठेवा. तुमच्याकडे उन्हाळा असला तरी जिथे उतरणार तिथे फ्लू भरात असू शकतो. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं, त्यामुळे ज्या देशांत ते लागतं तिथे जायचं असेल तर तारीख आधी मोजा.

दुसरी तयारी झोपेची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५३ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडला होता. आधीच्या दोन आठवड्यांत ज्यांची झोप सरासरी ७ तासांहून कमी होती, त्यांना सर्दी होण्याची शक्यता ८ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. आता निघण्याआधीचे दिवस कसे जातात ते आठवा: उरलेली कामं, रात्री उशिरापर्यंत सामान भरणं, पहाटेचं विमान. सामान दोन दिवस आधी भरून टाकणं हा आजार टाळण्याचाच उपाय आहे. प्रवासाआधी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रा घेण्याची पद्धत आहे, पण सर्वसाधारण माणसाला त्याने सर्दी टळते असं दिसून आलेलं नाही.

सीट कोणती

संसर्गाच्या दृष्टीने खिडकीची सीट चांगली. तिथे बसलेला माणूस कमी उठतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध कमी येतो. आयलच्या, म्हणजे मधल्या वाटेलगतच्या, सीटवर खांद्याजवळून सतत लोक जातात, तोल सावरायला तुमच्या सीटचाच वरचा कोपरा धरतात. तोच कोपरा मग तुमच्या गालाला लागतो.

पण पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका ज्यांना जास्त आहे, त्यांच्यासाठी सल्ला बरोबर उलटा. त्यांना वारंवार उठता यायला हवं, आणि खिडकीजवळ बसलेला माणूस शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सहा-सहा तास जागचा हलत नाही. अशा वेळी मी सरळ आयल निवडायला सांगेन. सर्दी आठवड्यात जाते, फुप्फुसात गेलेली गुठळी जीव घेऊ शकते. हा धोका कोणाला, ते खाली येतंच.

डोक्यावरची हवेची तोटी बंद करू नका. तिच्यातून येते ती ताजी आणि गाळलेलीच हवा. वेग मध्यम ठेवा, झोत चेहऱ्यावर न घेता चेहऱ्याच्या थोडा पुढून मांडीकडे जाईल असा फिरवा. थेट डोळ्यांवर झोत घेतला तर डोळे आणि नाक आणखी कोरडे पडतील.

मास्क लावायचा असेल तर एन-९५ किंवा एफएफपी-२ लावा. कापडी किंवा ढिल्या सर्जिकल मास्कच्या कडांतून हवा आत शिरते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग जोरात श्वास आत घ्या: मास्क किंचित आत ओढला गेला तर तो बसला, कडेने डोळ्यांकडे गार हवा जाणवली तर नाही बसला. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. संपूर्ण प्रवासभर मास्क सहन होत नसेल तर निदान बोर्डिंगच्या रांगेपासून विमान उडेपर्यंत आणि चाकं टेकल्यापासून बाहेर पडेपर्यंत तो काढू नका. बरेच जण नेमकं उलटं करतात, वर गेल्यावर लावतात आणि उतरताना काढून खिशात घालतात. जेवण येतं तेव्हा सगळ्यांचे मास्क एकदम उतरतात. शेजारी खोकत असेल तर त्याचं जेवण आटोपेपर्यंत थांबा, मग तुम्ही जेवा.

शेजारी स्पष्ट आजारी दिसत असेल, तर दार बंद झाल्यावर पण विमान हलण्याआधी क्रूला हळूच विचारा. मागे रिकामी सीट आहे की नाही हे त्यांना तेव्हाच नक्की कळलेलं असतं. दोन रांगांचं अंतर मिळालं तरी फरक पडतो.

हात

२०१६ साली हेलसिंकी विमानतळावर निरनिराळ्या पृष्ठभागांचे नमुने घेऊन तपासले, तेव्हा सुरक्षा तपासणीच्या प्लास्टिक ट्रेंच्या ८ पैकी ४ नमुन्यांत श्वसनविकारांचे विषाणू सापडले. स्वच्छतागृहातल्या पृष्ठभागांवर एकही सापडला नाही. स्वच्छतागृहानंतर बहुतेक जण हात धुतात. ट्रेनंतर कोणी धुत नाही, उलट ट्रेमधून उचललेला फोन थेट कानाला लावतात. तपासणी ओलांडली की पहिलं काम हात साफ करण्याचं, आणि फोन ट्रेमध्ये सुटा न टाकता बॅगेच्या आत ठेवण्याचं.

हँड सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचं हवं. चार थेंब पुरत नाहीत. तळहाताच्या खोलग्यात साचेल इतकं, म्हणजे सुमारे ३ मिलिलिटर घ्या आणि बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडांसह चोळत राहा. हात २० सेकंदांच्या आत कोरडे झाले तर तुम्ही कमी घेतलं होतं. बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नको, नाहीतर बहुतेक विमानतळांवर तपासणीत काढून घेतील.

एक मोठा अपवाद म्हणजे नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबांचा. त्याच्यावर अल्कोहोलचा भरवसा नाही. त्याला साबण, वाहतं पाणी आणि २० सेकंद घासणंच लागतं, कारण तिथे विषाणू मारण्यापेक्षा तो कातडीवरून धुऊन काढायचा असतो. विमानात जवळपास कोणाला उलटी झाली तर क्रूला सांगून शक्य तितकं दूर सरका, खाण्याआधी साबणाने हात धुवा आणि उघडं पडलेलं खाणं टाकून द्या.

सीटवर बसल्या बसल्या पुसायचं असेल तर क्रम असा ठेवा: समोरच्या जेवणाच्या ट्रेची वरची बाजू, खालची बाजू, ट्रे अडकवायची खिटी, हातांच्या टेकूची पुढची टोकं, सीटबेल्टचा बकल, स्क्रीन, हवेची तोटी. बहुतेकांची चूक होते ती घाई. वाइप फिरवला आणि लगेच रुमालाने कोरडं केलं, तर जंतू तसेच राहतात. वेष्टनावर लिहिलेला वेळ, कुठे ३० सेकंद तर कुठे ४ मिनिटं, तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. म्हणून दोन वाइप घ्या, एक ट्रेला आणि एक बाकी सगळ्याला, आणि आपोआप वाळू द्या. समोरच्या सीटचा कापडी खिसा पुसता येत नाही. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या २०१४ सालच्या चाचण्यांत औषधांना दाद न देणारा एमआरएसए हा जिवाणू या खिशाच्या कापडावर १६८ तास, म्हणजे आठवडाभर, जिवंत राहिला. हातटेकूच्या आवरणावर ई. कोलायचा एक घातक प्रकार ९६ तास टिकला. त्या खिशात चष्मा, पाण्याची बाटली, बाळाचं चोखणं असलं काहीही ठेवू नका.

एवढं करूनही हात पुन्हा कशाला तरी लागणारच. त्यामुळे शेवटी मोजायचं ते एकच: हात चेहऱ्याला किती वेळा गेला. डोळे चुरचुरले तर बोटाने न चोळता कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. लांबच्या प्रवासात कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा, डोळ्यांकडे हात जाण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

विमानाच्या टाकीतलं पाणी पिण्यासाठी आणि दात घासण्यासाठी वापरू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ साली १५८ प्रवासी विमानांचं पाणी तपासलं, तेव्हा सुमारे १३ टक्के विमानांत कोलिफॉर्म जिवाणू, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण, मिळाले. त्यानंतर तिथे नियम कडक झाले, पण टाकी भरणारी नळी, गाडी आणि विमानतळ दर वेळी वेगळे असतात. चहा-कॉफीची भीती मात्र मला अवास्तव वाटते, बहुतेक जिवाणू त्या तापमानाला मरतात. बाळाच्या दुधाच्या पावडरीला मात्र हे पाणी नकोच. केबिनमधल्या कमी दाबामुळे पाणी तिथे सुमारे ९२ अंशांनाच उकळतं, आणि विमानातलं गरम पाणी किती गरम होतं हे तुमच्या हातात नसतं. घरून उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये न्या किंवा तयार द्रवरूप दूध घ्या.

कोरडी, विरळ हवा

उंचावरच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतं. केबिनची आर्द्रता त्यामुळे १० ते २० टक्क्यांवर येते, लांबच्या प्रवासात कधी त्याहूनही खाली. नाकाच्या आतलं ओलं अस्तर आणि त्यावरची सूक्ष्म लव जंतूंना पकडून घशाकडे ढकलत असतात. अस्तर सुकलं की हे काम मंदावतं. यावर लोक लिटरभर जास्त पाणी ढोसतात. पण कोरड्या हवेने शरीरातलं पाणी फारसं कमी होत नाही, सुकतं ते वरचं अस्तर, आणि ते पोटातल्या पाण्याने लगेच ओलं होत नाही. तासाला एखादा छोटा ग्लास, १५० ते २०० मिलिलिटर, पुरे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळा. नाकासाठी सलाइनचा फवारा दर दोन तासांनी, प्रत्येक नाकपुडीत एक-दोनदा मारा. मास्कही इथे कामी येतो, श्वासातली वाफ तो धरून ठेवतो.

केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो, ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका असतो. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन त्यामुळे काही टक्क्यांनी उतरतो आणि जाणवतही नाही. पण त्यात दारू आणि झोप एकत्र आली की चित्र बदलतं. जर्मनीत दाब कमी केलेल्या खोलीत झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दारू पिऊन झोपलेल्या तरुण, निरोगी लोकांचा ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास आला आणि नाडी ८८ वर गेली. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्याने विमानात दारूला हात लावू नये, हे मी कसलीही सूट न ठेवता सांगते.

विमानातल्या वैद्यकीय आणीबाणीच्या जवळजवळ १२,००० घटनांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की त्यातल्या ३७ टक्के घटना चक्कर येण्याच्या किंवा शुद्ध हरपण्याच्या होत्या. बराच वेळ बसून पायांत रक्त साचलेलं, पोट रिकामं, ऑक्सिजन किंचित कमी, वर दोन पेग, आणि माणूस झटकन उठून स्वच्छतागृहाकडे निघतो. उठण्याआधी पोटऱ्या वीसेक वेळा आवळून सोडा, मिनिटभर ताठ बसा, मग उभे राहा. भोवळ वाटली तर चालण्याचा हट्ट न धरता आहे तिथेच खाली बसा.

दाब कमी झाला की पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. आदल्या दिवसापासून कडधान्यं, कोबी, फसफसणारी पेयं आणि च्युइंगगम कमी केलं, कमरेला सैल कपडे घातले, की पोटाची तक्रार बरीचशी मिटते.

कानाला दडे

वर जाताना मधल्या कानातली जास्तीची हवा घशाकडच्या नळीतून आपोआप बाहेर पडते. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत जायला हवी, पण नळी आपण उघडल्याशिवाय उघडत नाही. म्हणून दडे बसतात ते उतरताना. फरक फार वाढू दिला तर नळी चपटी होऊन घट्ट मिटते आणि मग कितीही जोर लावा, ती उघडत नाही. त्यामुळे दुखायला लागण्याची वाट पाहू नये. विमान टेकण्याआधी साधारण अर्धा तास उतरण सुरू होते. तेव्हापासून दर मिनिटाला एक-दोनदा गिळा किंवा जांभई द्या. नाक चिमटीत धरून गिळून पाहा. तरीही कान मोकळा झाला नाही तर नाक आणि तोंड बंद ठेवून गालांत हवा भरा आणि हलकेच नाकाकडे ढकला, पाच सेकंदांहून जास्त नाही. जोर लावून फुंकणं टाळा, त्याने कानाच्या आत इजा होते. उतरण सुरू व्हायच्या वेळी झोपेत असणं सगळ्यात वाईट, कारण झोपेत गिळणं कमी होतं. शेजाऱ्याला किंवा गजराला सांगून ठेवा.

नाक चोंदलेलं असताना जाणं भागच असेल तर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा फवारा उतरण सुरू होण्याच्या अर्धा तास आधी मारा, उतरण सुरू झाल्यावर नव्हे. हे फवारे सलग तीन दिवसांहून जास्त वापरले तर औषध थांबवताच नाक आणखी चोंदतं. मोठ्यांना प्रवासाच्या अर्धा तास आधी घेतलेल्या स्यूडोएफेड्रिन या नाक मोकळं करणाऱ्या गोळीचा उपयोग होतो. लहान मुलांत तसा फायदा दिसलेला नाही. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि काही देशांत त्यावर निर्बंध असल्याने नेण्याआधी चौकशी करा. तान्ह्या बाळाला उतरण सुरू झाल्यावर पाजा, डोकं वर राहील असं धरून. आधीच पोटभर पाजून झोपवलं तर नेमक्या वेळी ते दूध घेत नाही आणि कळवळून रडतं. सायनस किंवा कानाचा तीव्र संसर्ग असेल तर प्रवास पुढे ढकलणंच बरं, पडदा फाटू शकतो.

पोटऱ्या

चार तासांहून लांब प्रवासात पायातल्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका दुप्पट ते तिप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात तो ६,००० प्रवाशांमागे एक असा मांडला आहे. निरोगी माणसाने घाबरावं असा हा आकडा नाही. पण पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोग असेल, गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन्स चालू असतील, गर्भारपण किंवा नुकतंच बाळंतपण असेल, वजन बरंच जास्त असेल, तर हिशेब बदलतो. उंचीही मोजा: १६० सेंटिमीटरहून ठेंगण्या माणसाच्या मांडीखाली सीटची कड रुतते, १९० हून उंच माणसाचे गुडघे मुडपून राहतात. थोड्या दिवसांत लागोपाठ अनेक प्रवास केले तर धोका साचत जातो.

दर अर्ध्या तासाने बसल्या जागी टाचा वर-खाली, मग चवडे वर-खाली, वीस-तीस वेळा करा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, एवढंच त्यामागचं यंत्र. पायांपाशी बॅग कोंबू नका, पाय हलवायला जागाच उरत नाही. धोका जास्त असलेल्यांनी घोट्याशी १५ ते ३० मिलिमीटर पारा दाब देणारे, गुडघ्याखालपर्यंतचे मोजे वापरावेत. ते सकाळी, पायाला सूज नसताना, घोटा आणि पोटरी मोजून घ्यायचे असतात. वरची कड गुंडाळून खाली सरकू दिली तर तीच दोरीसारखी आवळते आणि फायद्याऐवजी नुकसान होतं. पायांतल्या धमन्या अरुंद झालेल्यांनी ते विचारल्याशिवाय घालू नयेत. प्रवासापुरती ॲस्पिरिनची गोळी घेण्याची ऐकीव पद्धत सोडून द्या, वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सर्वसाधारण प्रवाशाला ती सुचवत नाहीत. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच कुशीवर पडून राहणं तर याच धोक्याला आमंत्रण.

विमान लागत असेल तर पंखांवरची सीट घ्या, तिथे हेलकावे कमी. डायमेनहायड्रिनेट हे मळमळीचं औषध निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावं लागतं. मळमळ सुरू झाल्यावर पोट औषध नीट पुढे सरकवत नाही, म्हणून तेव्हा घेतलेली गोळी वाया जाते.

केव्हा विमानात बसूच नये

ताप असेल तर जाऊ नका, स्वतःसाठी आणि शेजारच्यांसाठीही. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान वर्ज्य, कारण तो उंचावर फुगून दृष्टी जाऊ शकते. प्लास्टर घातल्यापासून ४८ तासांच्या आत लांबचा प्रवास करावा लागला तर ते उभं चिरून घ्यावं लागतं. स्कूबा डायव्हिंगनंतर एका साध्या बुडीला किमान १२ तास, अनेक बुड्यांना किमान १८ तास थांबा. गरोदर स्त्रीला एकच गर्भ आणि सगळं सुरळीत असेल तर ३६ आठवड्यांपर्यंत आणि जुळं असेल तर ३२ आठवड्यांपर्यंत बहुतेक विमान कंपन्या घेतात. हृदय-फुप्फुसाच्या रुग्णांसाठी एक जुनी ढोबळ परीक्षा आहे: सपाट जागेवर ५० मीटर चालताना धाप लागत असेल तर डॉक्टरांची तपासणी आणि ऑक्सिजनची सोय ठरल्याशिवाय तिकीट काढू नये.

रोजची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, दोन-तीन दिवस जास्तीची ठेवा. इन्सुलिन सामानकक्षात कधीच देऊ नका, ते तिथे गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामी असतं.

उतरल्यानंतर

आजारी पडलात तर दिवस मोजा. साध्या सर्दीला संसर्गानंतर १ ते ३ दिवस, फ्लूला १ ते ४ दिवस, नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात. उतरल्याच संध्याकाळी ताप भरला तर तो बहुधा निघण्याआधीच अंगात होता, आणि तुम्ही तो विमानात सोबत नेलात. ज्यांच्याकडे उतरलात तिथे वृद्ध किंवा तान्ही मुलं असतील तर मास्क तेव्हा लावा.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर मालिश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थेट आपत्कालीन विभाग गाठा. हा धोका प्रवासानंतर काही आठवडे राहतो. मलेरिया असलेल्या भागातून आला असाल, तर सात दिवसांनंतर कधीही, अगदी काही महिन्यांनी आलेला तापही मलेरिया असू शकतो. डॉक्टरांना कोणत्या देशांत, कोणत्या तारखांना होतात ते स्वतःहून सांगा आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.